कंपनीने तपासलेले कान

वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत कामगारसभांची पत्रकं असायची. त्यांवरच मी वाचायला शिकले आणि कॉलेजात गेल्यावर स्वतःच पत्रकं लिहू लागले. नव्वदच्या दशकात शिरूरकडच्या माळांवर कारखाने उभे राहिले होते. दोन हजारनंतर त्यांचे साहेब गावोगाव येऊन वह्या वाटू लागले, रोपं लावून फोटो काढू लागले. याला ते सामाजिक बांधिलकी म्हणत. मी एका पत्रकात लिहिलं : वह्या नकोत. ज्या यंत्रावर तुमचा नफा निघतो, त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचं आधी बघा.

पुढच्या हिवाळ्यात पत्रा दाबून गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीने भीमेअलीकडच्या राहू गावात शिबिर भरवलं. खास कानांची तपासणी, कंत्राटी कामगारांचीसुद्धा. मला वाटलं, आपण जिंकलो.

माझे मामा त्या कंपनीत सहा वर्षं कंत्राटी होते. राहूहून भीमेचा पूल ओलांडून रोज जायचे आणि पाळीभर प्रेसच्या दणक्यात उभे राहायचे. यंदा कायम करायच्या यादीत त्यांचं नाव आहे, असं सुपरवायझरने सांगितलं होतं. त्यांना कमी ऐकू येई, पण समोरच्याच्या ओठांवरून ते निभावून नेत. घरी जेवतानाही भाकरी खुणेनेच मागत.

शिबिराच्या रांगेत मी मामांबरोबर उभी होते. मागचा एक जण त्यांना म्हणाला, "आप्पा, वैनींचं ऐकाया नको म्हणून मुद्दाम भैरं झालाय व्हय?" सगळे हसले, म्हणून मामाही हसले.

कानावर हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बोट वर करायचं, अशी तपासणी होती. मामांचं बोट झटपट वर जाऊ लागलं. तपासणारी मुलगी खूश झाली. मी बघितलं, मामांची नजर बटण दाबणाऱ्या तिच्या अंगठ्यावर होती.

मी मध्ये गेले, हेडफोन काढायला लावले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मामा, भिंतीकडं तोंड करून बसा."

"कशाला? बरं चाललंय की."

"खरं ते कागदावर येऊ द्या. कामापायी कान गेले, तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. कायदा आहे."

"तू वाचल्यालं हाय नव्हं?"

"वाचलंय."

मामा वळून बसले. मग बराच वेळ त्यांचं बोट मांडीवरून हललं नाही.

पंधरा दिवसांनी ठेकेदाराने त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. शिबिर भरवणारा अधिकारी बाहेर आला. सभ्य माणूस, मला पाणीही विचारलं.

"ताई, आमची बांधिलकी आता थेट कामाशी जोडलेली आहे," तो म्हणाला. "ज्याला भोंगा ऐकू येत नाही, त्याचा उद्या प्रेसमध्ये हात जाईल. त्यांच्याच भल्यासाठी आहे हे."

"कान तुमच्याच प्रेसवर गेलेत. दुसरं काम द्या."

"प्रेसवरच गेले कशावरून? कामाला लागताना त्यांची तपासणी झालेली नाही."

"ती तुम्ही करायची होती."

"ते ठेकेदाराचे कामगार आहेत," असं म्हणून तो आत गेला. मी जे मागितलं होतं, तेच त्याने केलं होतं. प्रेसपाशी उभ्या असलेल्या माणसाचं त्याने बघितलं होतं.

मामा इतका वेळ आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. साहेबाचं भराभर बोलणं त्यांना ओठांवरून कळलं नव्हतं.

"काय म्हणला? हाय ना नाव?"

मी ओढणी तोंडाशी धरली आणि काहीतरी पुटपुटले.

"नीट बोल की पोरी. वठ दिसंनात."

पहिल्या पाळीची रांग गेटला लागली होती. त्यातल्या बऱ्याच जणांचे कान त्याच शिबिरात तपासलेले होते. मी ओढणी बाजूला केली आणि ओरडून सांगितलं, "मामा, तुमचं काम गेलं."

रांगेतल्या माना आमच्याकडे वळल्या. मामांनी त्या बघितल्या.

"हळू बोल," ते म्हणाले.