दादाच्या पेनड्राइव्हवर माझी सिस्टिम

त्या शनिवारी माझा जुना लॅपटॉप सुरूच होईना. काळा पडदा आणि वर एक पांढरी ओळ, बस्स. कॉलेजचा प्रोजेक्ट फक्त त्याच्यातच होता आणि सोमवारी सरांना द्यायचा होता. मैत्रिणीनं फोनवर उपाय सांगितला: पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू कर, मग आतल्या फाइल दिसतील.

घरात पेनड्राइव्ह एकच, दादाच्या, म्हणजे चुलतभावाच्या ट्रॅक्टरमधला, गाण्यांनी भरलेला. दादानं तो काढून दिला. "गाण्याला हात लावू नगं बरं का," म्हणाला.

सास्तूरच्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटर वापरू द्यायचे. तिथं मी सिस्टिमची इमेज फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम मावलेली एकच फाइल, उतरवली आणि गाणी भरतात तशीच पेनड्राइव्हमध्ये कॉपी केली. मला दुसरी रीत माहीतच नव्हती. घरी येऊन लावला. तीच पांढरी ओळ.

"कॉम्प्युटरचंच शिकतीस न्हवं तू?" वडील म्हणाले. तो टोमणा नव्हता, त्यांनी खरंच विचारलं होतं. म्हणून तर जास्त लागलं.

रविवारी पुन्हा दुकानात. मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, नुसती कॉपी नाही, वेगळ्या सॉफ्टवेअरनं लिहायची असते." ते उघडलं तर इशारा आला, पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जाईल. मी दादाला फोन लावला.

"समदी जातील?"

"समदी."

"मंग नांगरताना काय तुजं लेक्चर ऐकू का? ... बरं, कर. तुजं काम महत्त्वाचं."

निम्म्यावर लाइट गेली. "बस पोरी, येईल," दुकानदार काका म्हणाले. लाइट आली, पण काम पहिल्यापासून करावं लागलं. घरी आले, तरी तीच ओळ. चालू करताना एक बटण दाबून पेनड्राइव्ह निवडायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एकेक बटण दाबून बघता बघता रडू येऊ लागलं.

शेवटी एक अनोळखी निळा पडदा उघडला. माझं फोल्डर दिसलं. पण फाइल ठेवू कुठं? पेनड्राइव्ह तर सिस्टिमनंच अडवला होता. मग मोबाइलचं नेट जोडून, रेंजसाठी लॅपटॉप स्लॅबवर नेऊन, मी प्रोजेक्ट सरांना मेल केला. फाइल चढतानाची पट्टी इतकी सावकाश सरकत होती की बॅटरी आधी संपेल असं वाटलं. पण मेल गेला.

खाली आले तर वडिलांनी विचारलं, "झाला का नीट?"

"प्रोजेक्ट सरांना पोचला. लॅपटॉप न्हाय झाला."

"मंग पुढचा अभ्यास कशावर करतीस?"

मी लॅपटॉप बंद केला आणि दादाचा पेनड्राइव्ह काढून घेतला.