मलावीच्या आधी कर्वेनगर

मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा एसटी माझ्यामुळे उशिरा सुटली. माझ्यामुळे म्हणजे आईमुळे. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, सकाळची पुण्याची गाडी, माझ्या हातात पत्र्याची पेटी, आणि पोरगं कॉम्प्युटर शिकून साहेब होणार असं वडिलांनी गावभर सांगून ठेवलेलं. इंजिन सुरू झालं तशी आई पायरीवर चढली, एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. पुण्यातली वाहनं, पुण्यातलं पाणी, पुण्यातल्या पोरी, या सगळ्यांपासून मला राखावं म्हणून तिने प्रभूला एकेक बाब समजावून सांगितली. कंडक्टर बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "बाई, राहिलेलं देवाला संध्याकाळी सांगा. मला शिरूरला टाइमात पोचायचंय." आईने डोळे न उघडता त्याच्यासाठीही दोन वाक्यं घातली आणि मग आमेन म्हटलं. मागच्या बाकावरच्या कुणीतरी साथ दिली. मी खिडकीला नाक लावून, हिला आपण ओळखत नाही असा चेहरा करून बसलो होतो.

गावातल्या माझ्या माणसांनो, तुम्ही गावाकडे राहिलात, किंवा माझ्यासारखे निघून पुण्याच्याही पुढे गेलात, तरी तुम्हाला आमची आई ठाऊक आहे. म्हणूनच हे तुम्हाला लिहितोय. आम्ही निघालोय. माझी बायको शालिनी आणि मी, आफ्रिकेत मलावीला, तीन वर्षांसाठी.

तेव्हा पुणं हाच परदेश होता. कसबा पेठेत एका दुकानदारांना पत्ता विचारला तर ते म्हणाले, "आपण त्याच दारात उभे आहात. जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक येतंय." देशाची दारं उघडली म्हणून पेपरात मोठमोठे लेख येत होते, आणि मी येरवड्यात खोलीभाडं वाटून घेणाऱ्या चौघांत झोपायला जागा शोधत होतो. पुढे कोर्स झाला, नोकरी लागली, हिंजवडीची बस सुरू झाली. लग्न झालं ते शालिनीशी. ती बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर. ती रोज माणसं जगात आणत होती आणि मी अमेरिकेतल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत होतो. पार्टीत लोक मला विचारायचे, काय करता. तिला कुणी विचारायचं नाही, कारण सगळ्यांना कळायचं.

वडील गेल्यावर आई येरवड्याला आमच्याकडे आली आणि तिच्याबरोबर संध्याकाळची प्रार्थनाही आली. टीव्ही बंद, सगळे जमिनीवर, एकामागून एक प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची. आमच्याकडे प्रार्थनेत कुणी कुणाला उलट बोलत नाही. डोळे मिटलेले, माना खाली. या सोयीचा आईएवढा वापर मी कुणाला करताना पाहिलेला नाही. भाजीत मीठ जास्त झालं, आमचा मुलगा बंगळूरहून फोन करत नाही, सोसायटीचा वॉचमन झोपतो, सगळं देवाच्या कानावर जायचं. वाटेत आमच्याही.

मग मलावीतल्या एका मिशन दवाखान्यातून चर्चमार्फत बोलावणं आलं. तिथल्या नव्या नर्सेसना बाळंतपणाचं काम शिकवायला अनुभवी सिस्टर हवी होती. बोलावणं शालिनीला होतं. माझा उल्लेख शेवटच्या ओळीत, सोबत येणारे पती. पती रिकामे बसू नयेत म्हणून त्यांना जनरेटर आणि दोन कॉम्प्युटर सांभाळायला देता येतील, असं पुढे प्रेमाने लिहिलं होतं. म्हणून मला देवाचं बोलावणं आलं असं मी कुठे सांगत नाही. पण वाचलं त्या क्षणी मला जायचं होतं. इतकी वर्षं आधी वडिलांनी आणि नंतर मॅनेजरांनी पाठवलं तिथे गेलो. या वेळी मला कुणी पाठवत नव्हतं.

ऑफिसात राजीनामा दिला तेव्हा आमच्या टीममधल्या मुलीने डोळे मोठे केले. "वॉव सर, ऑनसाइट? कुठे?"

"मलावी."

"ते कुठल्या स्टेटमध्ये येतं?"

शेजारचे काका जास्त जाणकार. ते म्हणाले, "आफ्रिकेतली मुलं शिकायला पुण्यात येतात. तुम्ही उलटे निघालात. चालायचंच, पुण्यात उलटं जाण्याला दंडही फारसा होत नाही."

आई मात्र आमच्याशी एक शब्द बोलली नाही. ती देवाशी बोलली. "दयाळू पित्या, न्हाणीघरातला नळ कधीचा गळतोय. त्याचं वायसर ज्याला बदलता येत नाही तो आफ्रिकेत जनरेटर चालवणार हाय. तूच बघ." दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "प्रभू, आईला कळू दे की वायसर आणून ठेवलंय, बसवायचं तेवढं राहिलंय." असे आम्ही मायलेक देवाला मध्ये घालून भांडत होतो. एका संध्याकाळी तिने थेट मागणं घातलं, "यांच्या व्हिसाचे कागद कुठंतरी अडकू दे." आणि आम्ही सगळे सवयीने आमेन म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

शालिनीने स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही कशाला म्हणालात?"

"तोंडातून गेलं."

"आता अडकले तर मी तुम्हालाच धरणार."

कागद खरोखरच अडकले, आणि सुटेपर्यंत शालिनी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. पण तिची खरी अट वेगळीच होती. आम्ही गेलो की आईने कर्वेनगरला माझ्या बहिणीकडे, रूथकडे राहायचं ठरत होतं. म्हणजे तिचं देऊळ (चर्चला ती देऊळच म्हणते), तिथला तिचा बाक, मैत्रिणी, सगळं नदीच्या या बाजूला राहणार. गाव सोडून ती येरवड्याला कशीबशी रुजली होती, आता पुन्हा उपटायची. शालिनी म्हणाली, "आईंनी स्वतःच्या तोंडाने जा म्हटल्याशिवाय मी विमानात बसणार नाही. त्यांना रडवून मी कुणाला काय शिकवू?" मला हे पटलं. जाण्याचं माझ्या मनात पक्कं होतं, पण आता ते सगळं आईच्या एका शब्दावर आलं होतं, आणि तो शब्द ती देवालासुद्धा सांगत नव्हती.

निरोपाची प्रार्थना आमच्याच घरी ठेवली. सोसायटीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, केक, चर्चमधली माणसं. पाळकसाहेबांनी सुरुवात केली, एकेकाने प्रार्थना केली, आणि आईची पाळी आली. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आई, आपण."

"प्रदीप," आई म्हणाली. "डोळे उघड."

मी उघडले. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"देवाशी माझं बोलून झालं. तो काय ऐकत न्हाई. आता तुझ्याशी बोलते. मी पोटात आडवी होते. माझ्या आईला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेली. गोऱ्या मडमनं मला फिरवून बाहेर काढली. ती मडम देवानं धाडली, एवढंच मी आजवर म्हणत आले. परवा शालूला बॅग भरताना बघितलं, तेव्हा मनात आलं, त्या मडमच्या आईनंबी कुठंतरी दारात उभं राहून पोरीला जाऊ दिलं असंल. तिनं पदर धरून ठेवला असता, तर मी न्हाई आणि तूबी न्हाई." मग शालिनीकडे वळून म्हणाली, "जा तुम्ही." आणि पुन्हा माझ्याकडे, "तुला तिथं कुणी बोलावलेलं न्हाई, हे ध्यानात ठेव. तिच्या कामात लुडबुड करू नको."

मडमला साडी नव्हती आणि तिच्या आईला धरायला पदर नव्हता, हे सांगायची ती वेळ नव्हती. मागून कुणीतरी आमेन म्हटलं.

"ही प्रार्थना नव्हती," आई म्हणाली.

आमच्या बॅगा अजून उघड्या आहेत, पण आई रविवारीच कर्वेनगरला गेली. मी म्हटलं, आम्ही निघेपर्यंत तरी थांब. तर म्हणाली, "तुम्ही जाताना मी दारात असले, तर तू चार वेळा मागं वळून बघशील. त्यापेक्षा मीच आधी जाते. तू दार लाव." रूथच्या गाडीत ती पुढच्या सीटवर बसली आणि कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत तिने मान फिरवली नाही. मी खाली फाटकाशी बराच वेळ उभा होतो. शालिनी वरून हाक मारून म्हणाली, "या आता, पुस्तकं बांधायचीत."

काल रूथचा फोन आला. म्हणाली, आईने इथेही संध्याकाळची प्रार्थना सुरू केली, आणि तुझ्याबद्दल इतकं काही सांगितलं की माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. घर कुठे असं कुणी विचारलं की मी आधी गावाचं नाव सांगायचो, नंतर येरवड्याचा पत्ता. येरवड्याची जागा पुढच्या महिन्यापासून भाड्याने जाईल. मलावीत दवाखान्याच्या आवारात दोन खोल्या मिळणार आहेत, तिथे आम्ही राहू. पण जिथे रोज संध्याकाळी माझ्याबद्दल देवाकडे तक्रार जाते, ते माझं घर. सध्या ते कर्वेनगरला, दुसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही गुरुवारी निघतो.