बिना धुऱ्याचा समुद्र

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मी बत्तीस वर्षं काढली. तिथे कागदांचे बस्ते जसे कोणी न मागता साठत जातात, तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की बस्त्याला निदान वाळवी लागते. आपली लाज काढणारा किस्सा वाळवीलाही नको असतो.

हे किस्से वणीच्या वाचनालयातले. सकाळी पेपर वाचायला आम्ही तिघे रिटायर्ड जमतो: मी, खाणीवर पंप चालवलेले गुलाबभाऊ आणि एसटीचे कंडक्टर दादारावजी. भूगोलाचं खातं माझ्याकडे. कोणी दिलं नव्हतं, मीच घेतलं.

*

वाचनालयात दक्षिण ध्रुवाकडच्या महासागरावर एक जाड पुस्तक आलं. मी ते घरी नेलं आणि रोज चार पानं वाचून दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ म्हणून बोलू लागलो.

पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की भिंतीवरच्या नकाशात चारच महासागर आहेत; पाचवा आहे अंटार्क्टिकाभोवती. गुलाबभाऊंनी त्याच्या हद्दी विचारल्या. म्हटलं, दक्षिणेला बर्फाची जमीन. उत्तरेला किनाराच नाही. गार पाणी कोमट पाण्याखाली शिरतं, तिथे त्याची हद्द.

"म्हंजे बिना धुऱ्याचं वावर," गुलाबभाऊ म्हणाले. "मंग भांडाव कोनासंग?"

धुरा म्हणजे शेताचा बांध. चतुःसीमा अपूर्ण म्हणून आयुष्यभर मी लोकांना परत पाठवलं; हा समुद्र मात्र तसाच दाखल करून घेतला.

*

अडीचशे वर्षांपूर्वी एक इंग्रज कप्तान या समुद्रातून अंटार्क्टिकाला पूर्ण फेरी मारून आला आणि जमीन त्याला दिसलीच नाही. हे मी फार रंगवून सांगितलं.

"आमच्या गावच्या पीकपाहणीवानी," दादारावजी म्हणाले. "साहेब गावाले चक्कर मारून जाते, वावर पाहातच नाही."

त्या साहेबाचे कागद मीच लिहायचो. मी पेपर उघडला.

*

दादारावजींची मुलगी रजनी नागपूरला हवामानाच्या नोंदी ठेवण्याच्या नोकरीत. एकदा तिचा फोन आला, तेव्हा त्यांनी कौतुकाने स्पीकर लावला. मी तिला दक्षिणेच्या बर्फावरच्या पांढऱ्या अस्वलांची सविस्तर माहिती दिली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, अस्वलं उत्तर ध्रुवाकडे. दक्षिणेला पेंग्विन."

"तुझी परीक्षा घेत होतो," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर दादारावजींनी हळूच विचारलं, "बाबूजी, पास झाली ना?"

*

पुढे रजनीची अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी निवड झाली. वर्षभर तिकडे राहून हवामान नोंदवायचं. नोकरीला लागल्यापासून ती याच एका गोष्टीसाठी अर्ज करत होती. दादारावजींनी वाचनालयात पेढे वाटले.

त्याच आठवड्यात माझ्या पुस्तकातलं एक जहाज बर्फात अडकलं. शंभर वर्षांपूर्वीचं. आमचा रिवाज असा, की सांगणाऱ्याने ऐन रंगात थांबायचं आणि पुढचं ऐकायचं असेल त्याने दुसऱ्या दिवशी चहा पाजायचा. बर्फाने जहाजाच्या फळ्या कशा मोडल्या, माणसं बर्फावर कशी उतरली, जहाज त्यांच्या डोळ्यांदेखत कसं बुडालं, हे सांगून मी थांबलो.

दादारावजींचा चेहरा उतरला होता. "त्या मानसायचं काय झालं, बाबूजी?"

"उद्या चहा पाजा, मग सांगतो."

खरं तर पुढचं मीही वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तोवर मी वाचलं होतं: त्या जहाजावरचा एक न् एक माणूस जिवंत घरी परतला. फोन करून सांगता आलं असतं. पण रिवाज मोडला असता आणि चहाही बुडाला असता.

पाचव्या दिवशी दादारावजी आले. गालफडं बसलेली.

"नागपूरले गेलतो," ते म्हणाले. "तीन दिवस तिच्या दारात उपाशी बसलो. शेवटी पोरीनं लिहून देल्लं, जात नाही म्हनून. दुसऱ्याचं नाव लागलं तिच्या जागी. आता माह्यासंग बोलत नाही. पन जित्ती राह्यली. तुम्ही वेळेवर सांगतलं, बाबूजी."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

गुलाबभाऊंना अजून गोष्टीतच रस होता. "सांगा आता. त्या जहाजावरचे मेले किती?"

दादारावजी माझ्याकडे पाहत होते.

"बरेच," मी म्हणालो.