हेडचे नट आणि आबांचा पाना

धुळ्याच्या आबांच्या मोटारीवर मी ड्रायव्हर होतो, तेव्हा राज्य इंग्रजांचं आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, रामभरोसे! धुळे ते जळगाव एवढ्या वाटेत हेडचे नट चारदा ढिले व्हायचे. दर थांब्याला एक किस्सा, मग ते साठणार नाहीत तर काय!

*

नव्या मिस्त्रीने एकदा नट एका टोकापासून ओळीने आवळत नेले. दुसऱ्या टोकाला हेड वर उचललं गेलं. आबा आमचे मालक आणि स्वतः पक्के मिस्त्री. ते कडाडले, "पंगत वाढी ऱ्हायना का रे? मधला नट पहिले!"

बिचाऱ्याने इतका धसका घेतला की पुढच्या लग्नात तो खरंच पंगतीच्या मधून वाढत सुटला.

*

पारोळ्याला एक अक्का चढल्या. हेडमधली फुसफुस ऐकून त्यांनी पदराची गाठ सोडली आणि सुंठेचा तुकडा माझ्या हातात ठेवला. "इले दमा शे, भाऊ. उगाळीसन दे!"

सुंठ मी खाल्ली. मोटार जळगावपर्यंत मुकाट गेली, आता बोला!

*

एकदा नट आवळून माझा हात भरून आला. एक पहिलवान उतारू पुढे आला. "सरका!" एकच हिसका, आणि तुटलेला बोल्ट माझ्या हातात. वर म्हणतो, "पाहा, ढिला कुठे होता? घट्टच होता!"

*

आता खंडेनवमीचा किस्सा. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पान्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. उद्यापर्यंत हात लावायचा नाही, हा आबांचा नेम. नेमके तेव्हाच मोटारींचे परवाने देणारे साहेब आपली मोटार घेऊन दारात. तिचेही नट ढिले! आमचा परवाना संपत आलेला, नव्यावर सही यांचीच.

आबा म्हणाले, "उद्या, सायेब."

"मग परवाना विसर!"

तेवढ्यात एक शेतकरी धावत आला. सून अडली होती, दवाखाना गाठायचा होता. आमची मोटार तर नट काढून उभी. आबांनी पूजेतला पाना उचलला. "देवा, हत्यार तुनं, आवळणारा तू. मी फक्त हात लावस."

सुनेला पोचवून, मुलगी झाल्याची बातमी घेऊन मी आनंदाने परतलो, तर साहेब अजून बाकावरच! ऐकून तेही हसले. "बरं आबा, माझी गाडी उद्या कर. सहीही उद्याच करतो."

आबांनी कागद पुढे केला. "सही आजच करा ना, सायेब. तिले पाना लागत नही!"