बेड्याचं फाटक झालं

आमच्या घरून रस्त्याला जायला एकच सरळ वाट होती, चुलत दिराच्या बागेतून. बागेला गडगा, म्हणजे जांभ्या दगडांचा बांध, आणि गडग्यात आमच्यासाठी बेडं. बेडं म्हणजे भोकं पाडलेले दोन उभे दगड आणि त्यांत आडवे सारलेले बांबू. बांबू काढले की माणूस जातो, सारले की गुरं अडतात. लग्न होऊन मी आले ती त्या बेड्यातूनच.

नवऱ्याला पक्षाघात झाला आणि त्याच वर्षी दिराने बेडं काढून गडगा सलग केला. त्याला बाग विकायची होती आणि मधून दुसऱ्याची वाट असलेली बाग कोणी घेत नव्हतं. आता नवऱ्याला व्यायामासाठी रत्नागिरीला न्यायचं तर खुर्चीत बसवून खालच्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, न्यावं लागे. पावसात तिथे पाणी, एरवी गोटे. एकदा खुर्ची धरणारा शेजारी घसरला आणि दोघेही पाण्यात बसले. मग मी वहिवाटीचा दावा लावला. कोर्टाचे जिने नवऱ्याला चढवणार कोण? म्हणून साक्ष मीच द्यायची ठरली.

आमचा वकील तरुण होता. त्याने मोबाईल माझ्यापुढे ठेवला.

"काकी, घरात बोलता तसं बोला. एआय ऐकतं आणि कोर्टाच्या भाषेत लिहून देतं."

मी बोलले. चहा येईस्तोवर कागद छापून झाले. त्याने भराभर वाचून दाखवले. त्यात मी 'वादी' होते, दीर 'प्रतिवादी' होता आणि बेड्याच्या जागी 'फाटक' होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाटलं, कोर्टात मला वादी म्हणतात तसं बेड्याला फाटक म्हणत असतील. सही केली.

साक्षीच्या दिवशी दिराचा वकील उठला. वयस्कर माणूस, आवाज गोड.

"बाई, हे प्रतिज्ञापत्र वाचून सही केलीत ना?"

"वाचून दाखवलं, मग केली."

"यात लिहिलंय, त्या जागी पूर्वापार लोखंडी फाटक होतं. वादी ते रोज उघडत असे. बरोबर?"

"लोखंडी कुठलं? बेडं होतं."

"म्हणजे लोखंडी फाटक नव्हतं?"

"नव्हतं. कधीच नव्हतं."

"मग शपथेवर खोटं लिहिलंत?"

"मी कशाला खोटं लिहू? ते मशीनने लिहिलं."

मागच्या बाकावर लोक हसले. दीरही हसला. आमचा वकील कागद चाळत बसला. न्यायाधीशबाई घाटावरच्या. त्यांनी विचारलं, "बेडं म्हणजे काय?" मी हातांनी करून दाखवलं, दगड असे, बांबू असे. त्यांनी मान हलवली आणि लिहायला सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की, सदर ठिकाणी लोखंडी फाटक कधीही नव्हते." दगड आणि बांबू मी सांगितले, तेही लिहिले गेले, पण त्याच्या खाली.

कोर्टाने नेमलेला माणूस आधीच जागा बघून गेला होता. त्याच्या अहवालात लोखंडाची खूण नव्हती. असणार कुठून? बेड्याचे दगडही दिराने गडग्यातच कुठेतरी चिणून टाकले होते. त्याची चलाखी आणि आमचा कागद, दोन्ही मिळून वाटेचा पुरावाच उरला नाही.

बाहेर आल्यावर मी वकिलाला विचारलं, "लोखंड कुठून आणलंस?"

"काकी, मशीनला बेडं कळलं नाही. त्याने फाटक धरलं आणि फाटक म्हटल्यावर लोखंडी आपणच लावलं."

"कळलं नाही तर विचारायचं की नाही?"

"ते विचारत नाही. अंदाजाने भरतं."

"मग गावच्या भगताकडे गेले असते. तो निदान नारळ तरी फोडतो."

मला सलतं ते एवढंच. मशीनला बेडं ठाऊक नसेल, पण हा इथलाच, आमच्या दोन वाड्या पलीकडचा. याच्या आजीच्या अंगणाला बेडं आहे. यानेही तो कागद वाचलाच की.

दावा फेटाळला. निकालात आलं की वादीचं तोंडी सांगणं तिच्याच प्रतिज्ञापत्राशी जुळत नाही, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दुसरा साक्षीदार नव्हता. दिराशी वाकडं घ्यायला वाडीत कोण येणार?

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्या मशीनलाच पिंजऱ्यात उभं करायचंस. तू कशाला गेलीस?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला तुम्ही जा." तेव्हा तो हसला.

अपील केलं आहे. वकील तोच ठेवला. दुसऱ्याकडे गेले तरी तिथेही तेच मशीन असणार आणि साक्षीत एकदा लिहिलं गेलं ते कोणीही पुसू शकत नाही, असं सगळेच सांगतात.

गेल्या पावसापासून नवरा व्यायामाला जात नाही. खुर्ची धरायला शेजारी आला की हा भिंतीकडे तोंड करतो. "पऱ्यातून मला आता मेल्यावरच न्या," म्हणतो. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, घरी जमेल तेवढं करा. मी करते. त्याच्या डाव्या हाताची बोटं तळव्यात वळत चालली आहेत. तेल लावून मी ती एकेक करून उघडते. सोडली की परत मिटतात.