कल नावाचा फोल्डर

आमच्या टीमचं काम होतं गाडीच्या डॅशबोर्डवरची स्क्रीन. म्हणजे काच नाही, काचेच्या मागे जी सिस्टिम चालते ना, ती. गाड्या मानेसरला बनायच्या आणि आम्ही नोएडातल्या एका नव्या सेक्टरमध्ये बसून कोड लिहायचो. शेजारच्या प्लॉटवर अजून खोदकाम चालू होतं, त्यामुळे लाइट सारखी जायची आणि जनरेटर सुरू झाला की फोनवर ओरडून बोलायला लागायचं. मी अगदी नवीन होते, अजून कन्फर्मसुद्धा नव्हते, आणि मला कर्नल फझिंगचं वेड लागलं होतं.

सोपं आहे ते, सांगते. कर्नल म्हणजे सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग, तो पडला की सगळंच पडतं. फझर हा एक प्रोग्रॅम, तो कर्नलकडे न थांबता काहीही वेडंवाकडं मागत राहतो. बंद केलेली फाइल वाच, उणे लांबीचा डेटा दे, असलं. आणि बघतो, कशाने कोलमडतंय. खऱ्या मशीनवर हे केलं तर दिवसभर ते बंद-चालू करत बसावं लागेल. म्हणून आपल्या कॉम्प्युटरच्या आत इम्युलेटरमध्ये एक खोटा कॉम्प्युटर चालवायचा. तो मेला की फझर दुसरा उठवतो. बस.

हे मी घरी, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवताना सगळ्यांना समजावलं. आमच्याकडे तेव्हा परभणीचा मावसभाऊ राहायला होता, यूपीएससीची तयारी करत.

"म्हणजे पेपरात भलतंसलतं लिहायचं आणि परीक्षकाला चक्कर येते का बघायचं," तो म्हणाला.

"बिल्कुल! तेच!"

"अगं, मग मी मेन्सला तेच करून आलोय की. मला नाही कुणी पगार देत."

"तू जेव आधी," आई त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तुला तरी देणारेत ना पुढे?"

तोच प्रश्न होता. कारण मी फार उड्या मारल्यावर मॅनेजर म्हणाले होते, "मैडम, शुक्रवार तक एक असली क्रैश दिखा दो. नहीं तो मंडे से मानेसर. टच टेस्टिंग में लोग कम हैं." टच टेस्टिंग म्हणजे स्क्रीनवर बोट दाबायचं, उघडलं का बघायचं, टिक करायची, पुढचं बटण. भल्या पहाटे कंपनीची बस. तिकडे गेलेला कुणी कोडिंगला परत आल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

टच ड्रायव्हर, म्हणजे बोट कुठे लागलं ते कर्नलला सांगणारा कोड, आमच्या लीड सरांनी लिहिला होता. ते बहिणीच्या लग्नाला कानपूरला निघाले होते. जाता जाता दोन कर्नलचा सोर्स सर्व्हरवर टाकून गेले आणि मला मेसेज केला, "दोनों रख दिए हैं. नया वाला लगाना." फोल्डर दोन. एकाचं नाव aaj, दुसऱ्याचं kal. दोन्ही एकाच वेळी कॉपी केलेले, त्यामुळे तारखा सारख्याच. मी क्षणभरही विचार केला नाही. आज नवा, काल जुना. aaj उचलला.

मग सेटअप. कर्नल पुन्हा कंपाइल करायचा, दोन गोष्टी चालू करून. एक, कोडच्या कुठल्या कुठल्या ओळींपर्यंत आपण पोचलो याची नोंद. दोन, मेमरीवर पहारा, कुणी नको तिथे हात घातला की ओरडणारा. मग खोट्या कॉम्प्युटरसाठी छोटी डिस्क. मग फझरला त्यात शिरायला किल्ली, म्हणजे लॉगिनची फाइल. पहिल्यांदा चालवलं तर स्क्रीन काळी. तासन्‌तास काळी. शेवटी कळलं की कर्नल व्यवस्थित चालू होत होता, फक्त बोलत होता भलत्याच पोर्टवर, जिथे ऐकायला कुणी नव्हतं. सेटिंगमध्ये एक शब्द वाढवला आणि धडाधड ओळी यायला लागल्या. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी हेडफोन काढून बघितलं आणि परत घातले.

फझर चालू झाला. पोचलेल्या ओळींचा आकडा चढत गेला आणि क्रॅशच्या पुढे शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. मी खोटे कॉम्प्युटर वाढवले, मेमरी वाढवली. शून्य.

शुक्रवारी सकाळी लीड सर आले, लग्नाच्या लाडवांचा डबा घेऊन.

"हाँ भई, kal वाले में क्या निकला?"

"सर, कल वाला तो चलाया ही नहीं. वो तो पुराना है ना?"

"पुराना? अरे, कल भेजना है उसको!"

"मतलब… आने वाला कल?"

"और कौन सा? aaj मतलब जो आज गाड़ी में चल रहा है. kal मतलब जो कल जाएगा. तुमको हिंदी नहीं आती क्या?"

मला! मी दिल्लीत वाढलेली मुलगी, शब्द अडला की घरीसुद्धा हिंदीत घुसते. पण आमच्या घरच्या ग्रुपवर सगळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि तिथे kal म्हणजे काल. डोळ्यांनी सरळ मराठी वाचलं. चार दिवस मी त्या जुन्या ड्रायव्हरला छळत होते, जो आधीच सगळ्यांनी ठोकूनपिटून घेतला होता.

डिस्क तयार होती, किल्ली होती, फक्त कर्नल बदलायचा होता. kal कंपाइल करून लावला. बाकीचे जेवायला गेले, मी लाडू खात स्क्रीनसमोर बसून राहिले. आणि ते परत यायच्या आत शून्याचा एक झाला.

"आला! सर, आला!"

रिपोर्ट सरळ होता: सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरली. लीड सर वाकून वाचत होते. खाली चुकलेल्या फंक्शनचं, म्हणजे कोडच्या तुकड्याचं, नाव होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ये तो मेरा है," ते म्हणाले.

मॅनेजर आले, उभ्याउभ्या बघितलं. "एक बार तो कुछ भी हो सकता है. दोबारा करके दिखाओ."

फझरने तोवर त्या सगळ्या गोंधळातून नेमका क्रॅश करणारा भाग गाळून छोटा प्रोग्रॅम काढून दिला होता. बोट स्क्रीनवर असतानाच स्क्रीन बंद करायची, एवढंच. मी कोरा खोटा कॉम्प्युटर उठवला, प्रोग्रॅम चालवला. मेला. दुसरा उठवला. मेला.

"गाड़ी में होता तो?" मॅनेजरांनी लीड सरांना विचारलं.

"चलती गाड़ी में स्क्रीन काली. यार, मैं अभी ठीक करता हूँ."

"कल का माल रोक दो," मॅनेजर म्हणाले. या वेळी कुठला कल ते मला विचारावं लागलं नाही. मग माझ्याकडे बघून, "आप यहीं रहिए. इनका फ़िक्स आए तो उस पर भी चलाना."

मी जिन्यात जाऊन आईला फोन केला. "आई, क्रॅश झालं!"

"अगं बाई. मग आता गं?"

"अगं, चांगलंय ते! मानेसर नाही!"

जनरेटर सुरू होता, तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं. संध्याकाळी लीड सरांचा फिक्स आला. तो लावून फझर चालवला, तर दुसरा क्रॅश निघाला.