आर्थरचं वचन

नेटा राइमर आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. मी तिला मावशी म्हणायचे. नातं काही नव्हतं, दोघी एकाच ख्रिस्ती मंडळीतल्या, एवढंच. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला मध्य आशियातल्या चुई खोऱ्यातल्या आमच्या जर्मन वस्तीतली बरीच घरं जर्मनीला निघून गेली. त्यात तिची चारही मुलं गेली. ती मात्र हलली नाही. "तुझ्या काकांची कबर इथं, गाय इथं. तिकडे तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय करू?"

सकाळी धार काढून झाली की ती स्वयंपाकघराचं दार लावायची आणि पोराबाळांसाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. तिची एक रीत होती. प्रत्येकाला पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन नेमून दिलेलं, आणि वचनात 'मी', 'माझा' किंवा 'तू', 'तुझा' आला की तिथं त्या पोराचं नाव घालायचं. ट्रक चालवणाऱ्या मुलाला, हाइनरिखला, देवानं जाता-येता राखण्याचं वचन. अशी चार मुलांची नि अकरा नातवंडांची मिळून पंधरा वचनं होती. लिहून ठेवलेलं एकही नव्हतं. ती सहा वर्षांची असताना घरात हातानं उतरवलेली वचनांची वही सापडली, म्हणून धर्मावर बंदी घालणाऱ्या सरकारच्या पोलिसांनी तिच्या वडिलांना धरून नेलं होतं. ते परत आलेच नाहीत. "कागद बोलतो गं लिडिया," ती मला म्हणायची. "डोकं गप्प राहतं."

गेल्या फेब्रुवारीत ती मला गोठ्यात पडलेली सापडली. अर्धांगवायू. उजवा हात गेला, वाचा गेली, अक्षर ओळखणंही गेलं. तोंडात एकच शब्द उरला: "नाही."

तिची मुलगी हेडविग आली, तीन आठवडे राहिली, रजा संपली तशी रडत गेली. मग मी आणि शेजारची गुलसून आळीपाळीनं तिचं करू लागलो.

दिवसभर ती शांत असायची. सकाळी मात्र जीव कासावीस व्हायचा. तोंड उघडायची, मिटायची, डाव्या हातानं शास्त्र माझ्याकडे ढकलायची. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला: तिला पोरांची वचनं म्हणून हवी होती. मी हाइनरिखचं नाव घालून एक वचन वाचलं.

"नाही!" एवढ्या जोरात, की चहा सांडला.

दुसरं वाचलं. "नाही!"

गुलसून दारातून म्हणाली, "मावशी, पोरं तुझी, देव तुझा, आणि ओरडा लिडियाला? ती बिचारी नुसती टपालवाली!"

मावशी अर्ध्या तोंडानं हसली. जाण्या-येण्याचं वचन आलं तेव्हा तिनं डोळे मिटले आणि माझं मनगट घट्ट धरलं. मग आमचा तोच उद्योग सुरू झाला. मी मुलांना फोन करून विचारायचे, कुणाला अर्धं आठवायचं, कुणाला काहीच नाही. जूनपर्यंत चौदा वचनं सापडली.

राहिला आर्थर. हेडविगचा मुलगा, चोवीस वर्षांचा, नशेचा माल विकताना पकडला गेलेला आणि तिकडच्या तुरुंगात असलेला. त्याच्यासाठी मी सगळी स्तोत्रं वाचली. मग संदेष्ट्यांची पुस्तकं, मग प्रेषितांची पत्रं. प्रत्येक वेळी "नाही". आधी रागानं, मग हळू, मग नुसती मान. हेडविगला माहीत नव्हतं. "त्यालाच सांगितलं असेल," ती म्हणाली.

त्याला ठरलेल्या दिवशी दहा मिनिटं फोन करता यायचा. मी फोन मावशीच्या उशीशी ठेवला.

"लिडिया मावशी, मला नाही आठवत," तो म्हणाला. "सात-आठ वर्षांचा होतो. आजी फोनवर म्हणून दाखवायची आणि मी फोन टेबलावर ठेवून खेळायला पळायचो." मग म्हणाला, "आजी, कुठलंही चालेल गं. काहीही म्हण."

"नाही," मावशी म्हणाली. "नाही, नाही." 'चालणार नाही' म्हणत होती की 'रडू नकोस', मला आजही सांगता येणार नाही.

मंडळीच्या वडीलधाऱ्यांना विचारलं. "देवाला माहीत आहे कुठलं ते," ते म्हणाले. मलाही पटलं. मी मावशीला तसं सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. रोज सकाळी चौदा नावं झाली की ती माझ्याकडे बघत राहायची, आणि मला पुस्तक मिटावं लागायचं. मिटताना तिच्याकडे बघवायचं नाही.

सप्टेंबरमध्ये ती गेली. शेवटच्या सकाळीसुद्धा चौदाच झाली होती.

मातीला हेडविग आली. आर्थरला सोडलं नाही. आठवड्यानं त्याचा फोन आला, थेट माझ्याकडे.

"सापडलं का?"

"नाही रे बाळा."

"आजी काय मागत होती माझ्यासाठी? अंदाज तरी?"

मी पुस्तक ओढून पानं उलटू लागले. मग दहा मिनिटं संपली आणि फोन बंद झाला.